शब्द फुटण्याआधी : धाराशिव जिल्ह्यातील कुटुंबे आणि लहानग्यांची संप्रेषण साधने

मुलाचा पहिला शब्द साधारणपणे वर्षाच्या आसपास येतो. परंतु संप्रेषण, म्हणजे आपल्या मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा आणि दुसऱ्याचे समजून घेण्याचा व्यवहार, त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. दोन-तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे पाहून हसते आणि समोरच्याने हसून उत्तर दिले की पुन्हा हसते, नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास ते हवी असलेली वस्तू आणि ती देऊ शकणारे माणूस यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागते, आणि वर्षाच्या आगेमागे दारातल्या शेळीकडे बोट दाखवून आजीकडे वळून पाहते. भाषाविकासाचे अभ्यासक या बोट दाखवण्याला फार महत्त्व देतात, कारण त्या क्षणी मुलाला शेळी हवी असते असे नव्हे. आपण जे पाहिले ते आजीनेही पाहावे, एवढेच त्याला हवे असते.

मेंदूचा पक्षाघात, म्हणजे विकसित होत असलेल्या मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवरचे नियंत्रण बिघडणे, किंवा डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, श्रवणदोष अशी अवस्था असलेल्या बाळाच्या बाबतीत हेच संकेत क्षीण असतात, उशिरा येतात किंवा निराळ्याच रूपात येतात. हात उचलण्याच्या प्रयत्नात ज्याचे सगळे अंग ताठ होते त्या बाळाने ‘घे’ म्हटलेले घरच्यांना दिसत नाही. संकेत दिसला नाही की उत्तर मिळत नाही, उत्तर मिळत नाही म्हणून बाळ संकेत कमी करते, आणि बाळ काही सांगत नाही म्हणून मोठी माणसेही त्याच्याशी कमी बोलू लागतात. मूळ आजारापेक्षाही कधी कधी अधिक नुकसान करणारे हे चक्र जन्मापासून तीन वर्षांच्या आत मोडण्याचा प्रयत्न म्हणजे शीघ्र हस्तक्षेपाचा एक मोठा भाग होय. मेंदूतील जोडण्या ज्या वेगाने या वयात घडतात त्या वेगाने पुढे घडत नाहीत, म्हणून ‘थोडे थांबून पाहू’ हा सल्ला या वयात महाग पडतो.

या कामी वापरल्या जाणाऱ्या साधनांना आणि पद्धतींना मिळून पूरक व पर्यायी संप्रेषण असे म्हणतात. जिथे बोलणे थोडे आहे तिथे ते पूरक, जिथे नाही तिथे पर्यायी. त्यात कोणतीही वस्तू न लागणाऱ्या खुणा, हावभाव आणि नजरेचे संकेत येतात, तसेच प्रत्यक्ष वस्तू, छायाचित्रे, चित्रफलक, एकच संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवता येणारे बटण आणि मोबाईल किंवा टॅबलेटवरील बोलणारी ॲपेही येतात. भारतात हा केवळ उपचाराचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संप्रेषण’ या संज्ञेच्या व्याख्येतच खुणांची भाषा, ब्रेल, स्पर्शाद्वारे होणारे संप्रेषण यांच्याबरोबर पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाने नजरेने दिलेला होकार हाही कायद्याच्या दृष्टीने संप्रेषणच ठरतो.

अशा पद्धतींचा देशातील इतिहास मुंबई आणि कोलकात्यापासून सुरू होतो. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली, आणि त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी संप्रेषण यंत्राच्या साहाय्याने उच्च शिक्षण घेऊन पुढे आत्मकथनही लिहिले. जवळपास त्याच काळात, १९७१ मध्ये, टोरंटो येथील एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्ल्स ब्लिस यांची चित्रचिन्हे न बोलणाऱ्या मुलांसाठी प्रथम वापरली होती. मात्र हा सगळा इतिहास मोठ्या शहरांचा आणि मुख्यतः शाळकरी वयाच्या मुलांचा आहे; दोन वर्षांच्या आतील बाळ आणि त्याचे खेड्यातील घर त्यात फारसे दिसत नाही.

घरातून या साधनांना होणारा पहिला विरोध प्रेमापोटी असतो. चित्र दाखवून काम भागले तर मूल बोलण्याचा आळस करील, ही भीती धाराशिवमधील आजीला वाटते तशीच जगभरच्या आईबापांना वाटत आलेली आहे, आणि अनेकदा डॉक्टरही तिला दुजोरा देतात. त्यात ‘बापही उशिराच बोलला होता’ हे आश्वासन मिसळले की वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. या भीतीची तपासणी झालेली आहे. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ज्यांचा पुरावा भक्कम मानता येईल अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झालेले आढळले नाही आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले होते. अगदी लहान मुलांपुरते पाहायचे तर अमेरिकेतील मेरीअॅन रोम्स्की आणि रोझ सेव्हिक यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. दहापेक्षा कमी शब्द बोलणाऱ्या ६२ लहानग्यांचे तीन गट करून, एका गटात केवळ बोलण्यावर भर आणि उरलेल्या दोन गटांत बोलण्याबरोबर आवाज देणारे साधन, असे वेगवेगळे मार्ग त्यांनी अवलंबले आणि तिन्ही गटांत आईवडिलांना ते काम स्वतः करायला शिकवले. साधन मिळालेल्या मुलांनी त्यावरचे शब्द तर वापरलेच, शिवाय ज्या गटातील मुलांना साधन वापरून व्यक्त होण्यास प्रवृत्त केले गेले त्यांचे तोंडी शब्दही केवळ बोलण्यावर भर दिलेल्या गटापेक्षा अधिक निघाले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मुलाला ज्या दिवशी कळते की आपण काही केले की माणसे हलतात, त्या दिवशी बोलण्याची गरज त्याच्या लेखी निर्माण होते. आणि तोंडी शब्द हा कोणत्याही चित्रापेक्षा जलद मार्ग असल्याने ज्या मुलाला तो साधतो ते मूल आपण होऊनच त्याकडे वळते. दुसरा गैरसमज पूर्वअटींचा आहे. मूल आधी बसायला शिकावे, चित्रे ओळखायला शिकावे, ‘समज’ यावी आणि मग साधन द्यावे असे सांगितले जाते. मोठ्या माणसांनी बोलून दाखवल्याशिवाय कोणतेही मूल बोलायला शिकत नाही, मग चित्रे किंवा खुणा कोणी वापरून न दाखवता त्याने त्या आधीच ओळखाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे.

येथेच कुटुंबाचा प्रश्न येतो. कुटुंबकेंद्री पद्धतीत तज्ज्ञ मुलाला आपल्याकडे घेऊन बसत नाहीत. मूल आईच्या किंवा आजीच्या मांडीवर राहते आणि तज्ज्ञ त्या दोघींच्या शेजारी बसून काय दिसते आहे आणि काय करून पाहता येईल हे सांगतात. आठवड्यातील अर्ध्या-पाऊण तासाच्या उपचारापेक्षा उरलेल्या सगळ्या जागेपणी मुलाशी कोण कसे वागते हे निर्णायक असते, हा त्यामागचा साधा हिशेब आहे, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात तो अधिकच खरा आहे. तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी आणि धाराशिव या आठ तालुक्यांत पसरलेल्या, २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ लोकसंख्येच्या आणि प्रामुख्याने ग्रामीण असलेल्या या जिल्ह्यात उमरग्याच्या किंवा परंड्याच्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी बाळाला एसटीने नेऊन आणायचे म्हणजे दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. जी पद्धत केवळ केंद्रातच चालते ती येथे बहुतेकांसाठी चालतच नाही.

घरात जे आधीपासून घडते त्यातच संप्रेषणाच्या जागा शोधायच्या असतात, आणि मराठवाड्यातील घरात त्या विपुल आहेत. बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची जुनी रीतच घ्यावी. आजी पाय लांब करून बसते आणि बाळाला नडग्यांवर घेते. ते उताणे असते तेव्हा दोघांचे चेहरे समोरासमोर असतात, बाळाच्या पाठीला आधार असतो, आणि चोळणे, थांबणे, पुन्हा चोळणे असा ठरलेला क्रम असतो. ज्याच्या मानेवर ताबा नाही अशा बाळासाठी डोक्याखाली पटकुराची घडी ठेवली तर ही बैठक महागड्या खुर्चीइतकीच उपयोगी ठरते. आजीने चोळता चोळता हात वर उचलून थांबावे, ‘अजून?’ असे विचारावे, त्याच वेळी दोन्ही हातांची ठरलेली खूण करावी आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. बाळाने नजर वळवली, पाय झाडला, आवाज काढला, काहीही केले तरी ते ‘हो’ असे मानून लगेच चोळायला लागावे. पहिल्या काही दिवसांत बाळाची ती हालचाल योगायोगाची असेल. पण तिला दर वेळी तेच उत्तर मिळत गेले की ती हेतूची होते. थांबणे हा यातील सर्वांत अवघड भाग आहे, कारण ज्याला काही येत नाही असे वाटते त्याच्यासाठी सगळे आपणच पटापट करून टाकावे अशी मायेची ओढ असते.

जेवणाच्या वेळी निवड देता येते. एका हातात दूधभाकरीची वाटी आणि दुसऱ्या हातात पाण्याचे फुलपात्र धरून दोन्ही बाळाच्या डोळ्यांसमोर पुरेशा अंतरावर आणली, तर ज्याचा हात पोहोचत नाही त्याची नजर पोहोचते. जे मूल हवे-नको स्पष्ट दाखवू लागते त्याला पुढे वस्तूंऐवजी त्यांची छायाचित्रे दाखवता येतात, आणि ती स्वतःच्या घरातल्या वाटीची असावीत, छापील तक्त्यावरच्या परक्या बशीची नसावीत. मेंदूच्या इजेबरोबर अनेक मुलांत पाहण्याची अडचणही असते. डोळे निरोगी असूनही मेंदूला दृश्याचा अर्थ लावणे जड जाते. अशा मुलासाठी काळ्या पार्श्वभूमीवर एकच ठळक चित्र, भरपूर वेळ किंवा चित्राऐवजी स्पर्शाची खूण, जसे जेवणासाठी चमचा आणि आंघोळीसाठी टॉवेलचा तुकडा, हे अधिक कामाचे ठरते.

फलकावर शब्द कोणते ठेवायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. बाजारात मिळणारे तक्ते नामांनी भरलेले असतात: सफरचंद, चेंडू, विमान, हत्ती. अमेरिकेत मेहेर बनाजी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पन्नास लहानग्यांच्या रोजच्या बोलण्याची नोंद घेतली, तेव्हा सर्वांच्या तोंडी सतत येणाऱ्या शब्दांत एकही वस्तूचे नाव नव्हते. तिथे हवे, नाही, आणखी, माझे, हे, ते, चल अशा अर्थाचे शब्द होते. धाराशिवच्या घरात याच जागी ‘दे’, ‘नगं’, ‘अजून’, ‘ये’, ‘बघ’, ‘उचल’, ‘झालं’, ‘कुटं’ हे शब्द येतील. केवळ नावे सांगता येणारे मूल परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकते, पण ते नकार देऊ शकत नाही, हाक मारू शकत नाही, तक्रार करू शकत नाही. त्यातही ‘नको’ हा शब्द पहिल्या काही शब्दांत असलाच पाहिजे. ज्याला नकाराचे साधन दिलेले नाही ते मूल चावून, वाटी भिरकावून किंवा डोके आपटून नकार देते, आणि मग त्याच्या नावावर ‘हट्टी’ असा शिक्का बसतो.

मराठीत शब्दांचे रूप बदलते. ‘घर’ हे ‘घरी’, ‘घरातून’ असे वळण घेते, आणि मुलगी ‘जाते’ तर मुलगा ‘जातो’. इंग्रजीच्या मांडणीवर बेतलेल्या फलकात एकेक सुटे चित्र ओळीने ठेवून वाक्य जुळवायची पद्धत म्हणूनच येथे अडखळते. अगदी लहान वयात त्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे एका चित्रामागे अख्खे छोटे वाक्य ठेवणे आणि ते घरातल्याच जवळपासच्या वयाच्या भावंडाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे. बोलीचा प्रश्नही असाच आहे. उमरगा परिसरातील काही घरांत कन्नड बोलली जाते, बंजारा तांड्यांवर गोरबोली, अनेक मुस्लिम कुटुंबांत दखनी. मुलाला गोंधळ होऊ नये म्हणून घरी केवळ मराठीच बोला, असा सल्ला दिला गेला तर आईची सहज भाषा बंद पडते आणि तिच्या जागी तुटक, सांभाळून बोललेली भाषा येते. विकासात अडचण असलेल्या मुलांना दोन भाषांमुळे अपाय होतो याला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. फलकावरचा आवाज मांडीवर घेणाऱ्या माणसाच्याच भाषेत असावा.

आवाज देणारी साधने महाग असतात हा समज आता पूर्वीइतका खरा नाही. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प विभागात विकसित झालेले ‘जेलो’ हे ॲप मोफत असून ते मराठीतही चालते; आवडते-आवडत नाही, हो-नाही, अधिक-कमी अशी सहा भावदर्शक बटणे त्यात चित्रांच्या दोन्ही बाजूंना कायम दिसत राहतात, ही त्याची विशेष जमेची बाजू होय. चेन्नईत अजित नारायणन यांनी सुरू केलेले ‘आवाज’ हेही भारतीय भाषांचा विचार करणारे साधन आहे. अडचण निराळीच आहे. ज्या घरात एकच चांगला मोबाईल असतो तो सकाळी वडिलांबरोबर रानात किंवा कामावर जातो, आणि घरी असतो तेव्हा बाळाच्या लेखी तो गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारा डबा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ असूच नये असे सुचवले आहे. संप्रेषणासाठी ॲप वापरणे हे त्या अर्थाने पडदा पाहणे नव्हे, तरी एकाच यंत्रावर ही सीमा सांभाळणे घरच्यांना जड जाते. म्हणून या वयात कागद आधी आणि पडदा नंतर हा क्रम शहाणपणाचा वाटतो. मोबाईलवर काढलेली घरातली चार छायाचित्रे तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून लॅमिनेशन करून घेतली की पहिला फलक तयार होतो. एकाच संदेशाच्या बटणाचाही उपयोग असा कौटुंबिक रीतीने करता येतो. नवरात्रात घरोघर आरतीनंतर ‘उदो उदो’चा गजर होतो तेव्हा भावाच्या आवाजातील तो गजर बटणात भरून बाळाच्या हाताखाली ठेवला, तर सगळे घर ज्या क्षणी एका सुरात बोलते त्या क्षणी तेही बोलते. मागण्यापुरतेच संप्रेषण शिकवणाऱ्या पद्धती हा सहभागाचा आनंद विसरतात.

हे सगळे घरापर्यंत पोहोचवणार कोण, याचे उत्तर शोधायला नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच पालघर येथून झाला. त्यानुसार फिरती पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि अडचण आढळलेल्या बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, जिथे बालरोगतज्ज्ञांबरोबर श्रवण व वाचा तज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असावेत अशी रचना आहे. आशा कार्यकर्तीने बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट द्यायची असते, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे आणि धोक्याच्या खुणा चित्रांसह छापलेल्या असतात. उणीव या साखळीच्या शेवटच्या कडीत आहे: बालक शोधण्यासाठी माणसे आहेत, पण शोधल्यावर घरी काय करायचे हे दाखवण्यासाठी फारच थोडी आहेत. गावातल्याच बाईला हे ज्ञान देता येते याचा पुरावा महाराष्ट्राने जगाला दिलेला आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हातून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन मृत्यू रोखले, आणि धाराशिव जिल्ह्यातच अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने, १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या भागात, ‘भारतवैद्य’ म्हणून गावातील स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. थांबणे, निवड देणे, खूण करून दाखवणे ही कौशल्ये बाळाचा श्वास मोजण्यापेक्षा अवघड नाहीत.

ऊसतोडीचा प्रश्न मात्र या सर्व मांडणीची खरी कसोटी पाहतो. दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून अनेक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. तीन वर्षांखालील मूल आईबरोबर जाते, कारण त्याला मागे ठेवता येत नाही. पाचटाच्या कोपीत, फडाच्या कडेला झोळीत, बहुधा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या राखणीत त्याचे दिवस जातात, आणि अशा वेळी भिंतीवर टांगलेला तक्ता किंवा चार्जिंग लागणारे यंत्र निरुपयोगी असते. चार-सहा हातांच्या खुणा कोठेही नेता येतात. त्यांच्या जोडीला आईच्या पिशवीत मावणारा, दोरीने बांधलेला, चिखलाने खराब न होणारा छोटा फलक असावा, आणि त्याचीच दुसरी प्रत गावी राहिलेल्या आजीकडे असावी. राखण करणारी बहीण ही बहुतेकदा त्या मुलाची सर्वांत उत्तम सोबतीण असते, तिला या खुणा आईपेक्षा लवकर येतात. परंतु तिची शाळा बुडवून तिला घरातली उपचारतज्ज्ञ बनवणे हा कुटुंबकेंद्री विचार नव्हे, आणि कोणत्याही योजनेने तिच्यावर विसंबून राहू नये.

तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीत जाऊ लागते तेव्हा आजवर जे घराला कळत होते ते बाहेरच्यांना कळवण्याची गरज पडते. केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी मार्गदर्शिका जाहीर केली असून लवकर ओळख, सामूहिक कार्यक्रमांत सहभाग व कुटुंबाचे सबलीकरण, आणि पुढील सेवांशी जोडणी अशी तिची तीन पावले आहेत. यातील दुसऱ्या पावलासाठी घरच्यांनी तयार केलेली संकेतवही फार उपयोगी पडते. तिच्या प्रत्येक पानावर तीनच गोष्टी लिहायच्या असतात: मूल काय करते, त्याचा अर्थ काय, आणि अशा वेळी समोरच्याने काय करावे. ‘जीभ बाहेर काढून डावीकडे बघतो, तहान लागली, फुलपात्र दाखवून विचारा, हसला तर पाजा’ एवढी नोंद सेविकेला पहिल्याच दिवशी कामी येते. लिहिता न येणाऱ्या आईने सांगावे आणि आशाने लिहावे. वहीची एक प्रत अंगणवाडीत, एक घरी आणि एक जिल्हा केंद्राच्या नोंदीत राहावी, आणि मूल नव्या खुणा करू लागले की दर तीन महिन्यांनी जुनी पाने बदलावीत.